विनीतची वायर

भिंतीत जाणाऱ्या वायरच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. स्पीकरची असली तरी तांबं चोख हवं, आवरण आग न पकडणारं हवं, आणि लाइटच्या पाइपातून ती कधीच न्यायची नाही. बिरवाडीत वीस वर्षं वायरिंग करतोय. लोक पाठीमागे मला 'भरत कटकट्या' म्हणतात. म्हणोत बापडे.

कापडे गावात महिपतीकाकांचं नवं घर होत आलं होतं. सगळा बेत त्यांच्या मुलाचा, विनीतचा. तो मुंबईहून फोनवर सांगायचा आणि इथे भिंती उभ्या राहायच्या. त्याच्या खोलीत स्पीकर लावायचे, हेही त्याचंच. चैत्रात तो मुंबईतच आजारपणात गेला. त्याने आणून ठेवलेलं वायरचं भेंडोळं घेऊन काका माझ्यासमोर उभे राहिले.

मी एक तुकडा कापून काडी लावली. आवरण भक्कन पेटलं. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा.

"ही नाय चालायची, काका."

"त्याच्या हातची हाय रे," म्हणाले आणि रडू लागले.

म्हाताऱ्या माणसाचं रडणं मला बघवत नाही. चांगली वायर मी वेगळ्या पाइपातून ओढली. विनीतची शेजारच्या खाचेत नुसतीच घातली, दोन्ही टोकांना टेप गुंडाळून, गिलाव्याखाली. कशालाच न जोडलेली. तिचा कुणाला काय त्रास होणार?

महिन्याने स्पीकर जोडायला गेलो. भर दुपार होती. विनीतची आई, बनुकाकू, त्याच खोलीत भिंतीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. स्पीकर अजून खोक्यातच होते.

आवाज भिंतीतून आला. कोरड्या घशाचा.

"आये, पाणी."

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. परत आलो तर पुन्हा तेच.

भिंतीवर हात ठेवला. खाचेपुरती पट्टी कोमट होती.

काकूंनी सूप बाजूला सारलं आणि रोजचं काम असल्यासारख्या स्वयंपाकघरात गेल्या.

मी छिन्नी उचलली. "आत्ताच काढतो ही वायर."

दारात उभ्या असलेल्या काकांनी पुढे येऊन माझं मनगट धरलं. "नको रे. दवाखान्यात शेवटचे तीन दिवस पाणी लावू दिलं नाय त्याच्या तोंडाला. ही दाराबाहेर पेला घेऊन बसलेली."

भीती वाटायला हवी होती. मला नुसतं भडभडून आलं.

काकू पेला घेऊन आल्या, आमच्याकडे पाठ करून भिंतीशी बसल्या. बराच वेळ.

उठल्या, तेव्हा पेल्यातलं पाणी उतरलं होतं, फरशी मात्र कोरडी होती.

"आज निम्मंच प्यायला," त्या म्हणाल्या. "आवाजपण बारीक झालाय त्याचा. बघ ना रे भरत, वायर कुठं सैल झाली काय."