कलम चौदा आणि सकाळचा फेरफटका

लिफ्ट बंद होती, म्हणून मालिनीबाई जिन्यानं उतरत होत्या... आणि तिसऱ्याच पायरीवर डाव्या गुडघ्यानं दगा दिला. पडल्याच असत्या, पण वर येणाऱ्या वेणीमाधवरावांनी दंड धरला.

"कुणाला सांगू नका हं!" आभाराऐवजी त्यांच्या तोंडून हेच निघालं.

गंगापूर रोडवरच्या या ज्येष्ठांच्या वसाहतीत वेणीमाधवराव महिन्यापूर्वीच आले होते. विधुर, दस्तनोंदणीच्या कचेरीत हयात गेलेली. मालिनीबाईंनी दबक्या आवाजात सांगितलं, नव्या करारात चौदावं कलम घातलंय. आधाराशिवाय चालता येत नसेल, तर तीस दिवसांत खोली सोडायची. सोमवारी सह्या. नवऱ्यामागं घर विकलेलं, मुलगी सई परदेशात... जायचं कुठं?

"मग उद्यापासून माझ्याबरोबर फिरायला चला. हातात हात घालून. गुडघ्याकडे कुणी बघणारच नाही."

"इश्श! या वयात?"

"कलमात वयाचं काही नाही."

चार दिवस दोघं धुक्यातून बागेला फेऱ्या मारत होते. बाकावरच्या बायका कुजबुजायच्या, मालिनीबाईंचे कान तापायचे. हसू यायचं... पण ऑफिसचं दार दिसलं की त्या पाऊल जपून टाकायच्या.

रविवारी वेणीमाधवरावांनी मालिनीबाईंचा जुना करार दोनदा वाचला. "यात तहहयात देखभाल लिहिलीय, आजारपणातही. नोंदवलेला करार आहे. तुमच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. सही करू नका."

"आणि सामान बाहेर काढलं तर?"

वेणीमाधवरावांनी करार नीट घडी घालून परत दिला.

सोमवारी व्यवस्थापिका योगिनी मॅडमनी कागद पुढे सरकवला. मालिनीबाईंनी तो परत सरकवला.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि... माझा गुडघा गेलाय. जुन्या कराराप्रमाणे उपचार करा."

योगिनी मॅडमनी जुना करार चाळला. एका पानावर थांबल्या. "वरिष्ठांना कळवावं लागेल. पण... यात लिहिलंय खरं. उद्या डॉक्टरांना बोलावते."

बाहेर येताच मालिनीबाई मटकन बाकावर बसल्या. बाहेर थांबलेले वेणीमाधवराव शेजारी टेकले.

"आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. सुटलात तुम्ही!"

"मालिनीबाई..." कायदा घडाघडा सांगणारे वेणीमाधवराव अडखळले. "गुडघ्याचं... निमित्त होतं हो. मला तुमच्याबरोबर राहायचंय. लग्न करून."

"चार दिवसांत? एवढी घाई?"

"एकाहत्तराव्या वर्षी आणखी काय करणार?"

मालिनीबाईंनी पर्समधून मोबाईल काढला.

"सईला फोन लावते," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथंच बसा... मला एकटीला नाही सांगवणार."