चुन्याची रिकामी वर्तुळं

"चीटिंग! भालचंद्रकाकांनी कोन सरकवले! मी स्वतः पाहिलं!"

उत्तरा इतक्या जोरात ओरडली की मैदानावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

हिवाळ्याच्या सुट्टीतला रविवार होता. दिल्लीजवळ, मानेसरच्या पुढे एका मोकळ्या मैदानावर नवशिक्यांची कार रेस चालली होती. रोज ऑफिसला न्यायची तीच गाडी आणायची, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि प्लास्टिकच्या कोनांमधून घड्याळाशी शर्यत लावायची! एका वेळी एकच गाडी. पण शेवटच्या वळणावर रस्ता अचानक इतका अरुंद झाला, की उत्तराच्या बाबांची गाडी गर्रकन फिरून थांबली. आणि त्याआधीच शेजारचे भालचंद्रकाका तिथे वाकून कोन हलवताना तिला दिसले होते!

काका सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचीही ही पहिलीच रेस. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, मी तर तो..." एवढंच ते बोलले. लोक कुजबुजायला लागले, तसे ते मुकाट्याने आपल्या छोट्या गाडीकडे गेले आणि हेल्मेट काढून बसून राहिले.

"बरं झालं!" उत्तरा म्हणाली.

"काय यार, बरं झालं?" तिचा चुलतभाऊ संग्राम म्हणाला. "सकाळी तुझ्या बाबांच्या टायरमध्ये हवा कोणी भरून दिली? त्यांनीच ना? चल, आधी जाऊन बघू तरी!"

चहाची सुट्टी झाली होती. दोघं मैत्रिणीला, अबोलीला, घेऊन वळणाकडे पळाले.

"हे बघा!" अबोली म्हणाली. "प्रत्येक कोनाभोवती चुन्याचं वर्तुळ आखलंय, जागा चुकू नये म्हणून. मग इथली चार रिकामी कशी?"

चार कोन चक्क दोन पावलं आत सरकले होते. पाचवा मात्र आपल्या वर्तुळात अगदी नीट उभा होता. काका वाकले होते तिथला!

आता उत्तराला कळलं. काका कोन सरकवत नव्हते, जागेवर ठेवत होते! एक ठेवून होतो न होतो तोच बाबांची गाडी आली होती.

रिकाम्या वर्तुळांवरून रुंद टायरांच्या खुणा मोठ्या बॅनरच्या मागे गेल्या होत्या. तिथे एक भलीमोठी पांढरी गाडी उभी होती आणि तिचा मालक खुर्ची टाकून आरामात छोले-कुलचे खात होता.

"बाप रे! एखादी गाडी घसरली तर थेट यांच्यावर!" संग्राम पुटपुटला. "अबोली, पळ! संपदाताईंना आण!"

संपदाताई म्हणजे रेस भरवणाऱ्या. त्या बॅनरशी पोचल्याचं दिसताच संग्राम गोड आवाजात म्हणाला, "वाह अंकल, क्या जगह मिली है! इतनी बड़ी गाड़ी अंदर आई कैसे?"

"अरे, दिमाग चाहिए बेटा!" ते खूश होऊन म्हणाले. "पाँच कोन खिसका दिए, बस! किसी को पता भी नहीं चला!"

"अब चल गया!" संपदाताई पुढे येत कडाडल्या.

गृहस्थांना जोराचा ठसका लागला. पाच मिनिटांत गाडी बाहेर!

संपदाताईंनी माइक घेतला. "या तीन मुलांमुळे आज मोठा अपघात टळला! जोरदार टाळ्या!"

बाबांनी उत्तराची पाठ थोपटली. तिला मान वर करवेना. टाळ्या वाजवणाऱ्यांत भालचंद्रकाकाही होते! जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"ताई, माइक द्याल?" ती कशीबशी म्हणाली. तिने माइक घेतला. "काकांनी काहीच केलं नव्हतं. उलट ते कोन नीट ठेवत होते. मी न विचारता, सगळ्यांसमोर त्यांना चोर ठरवलं. चूक माझी आहे."

टाळ्या थांबल्या. ती काकांपाशी गेली.

"सॉरी, काका."

"लागलं गं मला," काका हळूच म्हणाले. "खोटं कशाला सांगू? पण एवढ्या लोकांपुढे कबूल केलंस, तेही मी ऐकलं."

"मग... गाडी चालवाल ना?"

काकांनी हेल्मेट उचललं. एकेक वळण इतकं जपून घेतलं की सगळे हसू दाबत होते. उत्तरा मात्र हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. तरी ते परत आल्यावर तिने नजर खालीच ठेवली.

"किती वेळ लागला गं?" काकांनीच विचारलं.

"एक मिनिट एकोणचाळीस सेकंद."

"म्हणजे कितवा आलो?"

"शेवटचे, काका."

"अरेरे!" म्हणत ते खो खो हसले, आणि तेव्हा कुठे उत्तराने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं.