गोधडीवरची ओल

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे.

गेल्या वर्षीचा मे महिना. बीडजवळचं पाली गाव. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा ट्रॅक्टरखालून हलत नव्हती.

भीती वाटली का? वाटली. पण भीती काही दिवसांत ओसरली. लाज अजून तशीच आहे, म्हणून लिहायला बसले.

माझं नाव धनश्री. मी आणि माझे मिस्टर सोमेश्वर पुण्यात राहतो. पालीच्या घरात माझ्या सासूबाई एकट्या असायच्या. सत्यभामा त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. अंगानं मूठभर बाई, बोलणं त्याहून कमी.

मी मात्र उलटी आहे. एकदा काम डोक्यात आलं की कुणाचं ऐकत नाही. सोमेश्वर मला मुकादम म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नाही.

त्या शनिवार-रविवारी माझ्या डोक्यात घर होतं. मागच्या अंगणात नुसती माती. तिथं ब्लॉक बसवायचे, भिंतीच्या कडेनं मोगरा आणि गुलाब लावायचे, स्वयंपाकघरातला ओटा नवा करायचा. दुपारी उन्हात काही करता येत नाही, तेव्हा घरात बसून गोधडी पुरी करायची. आत्याबाईंनी ती आधीच अर्धी शिवून ठेवली होती. त्यांच्या जुन्या साड्या आणि मामंजींची धोतरं एकावर एक घालून.

मला शिकायची हौस होती. शिवाय पुण्याला न्यायचीही.

मागच्या अंगणात भिंतीजवळ एक चपटा दगड होता. आत्याबाई रोज सकाळी अंघोळ झाली की त्या दगडाशी तांब्याभर पाणी ओतायच्या. तिथं झाड नाही, रोप नाही. लग्न होऊन आल्यापासून मी हे बघत होते. असते एकेकाची सवय, म्हणून सोडून देत होते.

शनिवारी सकाळी गवंडी आला. मुंजाजी त्याचं नाव. आत्याबाई भरलेला तांब्या घेऊन त्याच्यामागे उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"एवढीशी जागा सोड की गं," त्या म्हणाल्या.

मी हसले. सगळीकडे ब्लॉक आणि मधेच मातीचं ठिगळ, कसं दिसेल ते?

"दगडाला कसली तहान लागते, आत्याबाई?"

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं.

मुंजाजीनं पहारीनं दगड उचकटला आणि राडारोड्यात टाकून दिला. खालची माती ओली होती. त्यानं हात घातला... कोपरापर्यंत घातला, तरी ओलीच. मे महिन्यात. रोजचं पाणी मुरलं असेल, असं म्हणून त्यानं वर दगडाची बारीक कच पसरली आणि ब्लॉक बसवायला घेतले. इथून पुढं इथं पाणी ओतू नका, खालची कच वाहून जाते, असं मी आत्याबाईंना दोनदा बजावलं.

त्यांनी हातातला तांब्या माझ्या नव्या मोगऱ्याला घातला आणि आत गेल्या.

दुपारी मधल्या खोलीत गोधडी अंथरली. कूलर लावला. शेजारच्या वनमालाकाकू आल्या. त्या आत्याबाईंच्या चुलत जाऊ. तिघी तीन बाजूंना बसलो आणि टाके घालत होतो. माझे टाके कोंबडीच्या पायांसारखे पडत होते. वनमालाकाकू मला चिडवत होत्या. खरंच छान चाललं होतं.

मग जेवायला उठलो.

परत आलो तर गोधडीवर ओल होती.

तळहाताएवढी. आत्याबाई बसल्या होत्या, त्यांच्या मांडीसमोर. मी हात लावून पाहिला... कोमट होती.

कूलरचं पाणी तिथवर उडत नव्हतं. छत कोरडं. तांब्या लांब, खिडकीत. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. म्हातारं माणूस, कळलं नसेल.

मला गप्प बसता आलं असतं. रात्री एकटीला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पण मी मुकादम. वनमालाकाकूंच्या देखत, अगदी गोड आवाजात म्हणाले, "आत्याबाई, मोरीत जायचं असलं तर सांगत जा ना. त्यात काय लाजायचं?"

वनमालाकाकूंनी मान खाली घातली. सुई नुसती धरून बसल्या.

आत्याबाई त्या ओलीकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग त्यांनी तिच्यावर हात ठेवला, तो हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "व्हय... माझ्याकूनच झालं आसंल."

तेव्हा मला वाटलं, त्या ओशाळल्या. आता वाटतं, त्यांच्या तोंडावर हसू येत होतं आणि त्या ते लपवत होत्या.

मी तिथंच थांबले नाही. नव्या टाइल्सच्या खोक्यातलं प्लास्टिक आणलं आणि त्यांच्या बसायच्या जागी अंथरलं. त्या त्यावर बसल्या. हलल्या की ते प्लास्टिक वाजायचं. संध्याकाळपर्यंत वाजत होतं.

चहा त्यांनी घेतला नाही. रात्री जेवताना पाण्याचा तांब्या तसाच ठेवला. माझ्या ते लक्षात आलं. मला वाटलं, बरं झालं, काळजी घेतायत. हे लिहायला लाज वाटते. पण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं.

रविवारी मुंजाजीची सुट्टी होती. घर एकदम शांत.

जेवणं झाली. आत्याबाईंनी अर्धी भाकरी मोडली आणि तीही कोरडीच. मग त्या शेजारी वनमालाकाकूंच्या ओट्यावर जाऊन बसल्या. सोमेश्वर पुढच्या खोलीत झोपले. गोधडी मी स्वतः घडी घालून मधल्या खोलीत त्या प्लास्टिकवर ठेवली होती. ओल वाळून गेली होती. कोरडी ठक्क होती, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगेन.

दुपारी लाइट गेली. कूलर थांबला.

मी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते. तेव्हा जाणवलं... बाहेर काहीच आवाज नाही. भिंतीवर चिमण्यांसाठी पाण्याचं वाडगं असायचं. रोज दुपारी तिथं नुसता कलकलाट. आज वाडगं भरलेलं होतं आणि एकही चिमणी नव्हती.

मग आवाज आला.

चुट... चुट... चुट...

बारीक. सावकाश. लहान मूल दूध ओढतं ना, तसा.

मांजर असेल, म्हणून मी बाजेखाली पाहिलं. मांजर नव्हती. आवाज थांबला. मी सुई उचलली... पुन्हा सुरू झाला.

गोधडीतून येत होता.

मी उठले कशी, मला आठवत नाही. घडी उलगडली. आवाज बंद झाला. एक पदर... दुसरा पदर... आणि अगदी आत, मधोमध, तीच तळहाताएवढी ओल.

कोमट.

खालचं प्लास्टिक कोरडं होतं. बाहेरचे पदर कोरडे होते. आणि आत्याबाई घरातच नव्हत्या.

मी वाकून वास घेतला. मुताचा वास नव्हता. कच्च्या दुधाचा होता. आणि ओल्या मातीचा.

पहिल्यांदा भीती वाटली. लगेच मागोमाग दुसरी गोष्ट आठवली, आणि ती भीतीपेक्षा वाईट होती. काल मी काय बोलले होते... कुणासमोर बोलले होते... आणि ती बाई कालपासून पाणी प्यायलेली नव्हती.

तेवढ्यात शेजारून वनमालाकाकूंची हाक आली. "धनश्री, इकडं ये गं. अक्का पडल्यात."

आत्याबाई ओट्यावर आडव्या पडल्या होत्या. ओठांना पापुद्रे आले होते. अंग तापलेलं, पण घाम नाही. सोमेश्वर धावत आले. आम्ही त्यांना उचलून आत आणलं. मी ग्लास तोंडाला लावला. त्यांनी तोंड फिरवलं. सोमेश्वरांनी लावला. तरी फिरवलं. सोमेश्वर गाडीची चावी शोधायला पळाले, आणि मी आत्याबाईंच्या पायांशी बसले.

"आत्याबाई, मी चुकले. ते तुमच्याकडून झालं नव्हतं. माझ्यासाठी तरी घोटभर प्या."

त्यांनी डोळे उघडले.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा ग्लास पुढं केला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला. मागच्या दाराकडे बोट केलं.

"आदी त्याला."

मला काहीच कळलं नाही. वनमालाकाकूंना कळलं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "दगुड होता तितलं उकर, बाई. लवकर."

सोमेश्वरांनी पहार घेतली. ब्लॉक निघायला वेळ लागला नाही. मी तांब्या भरला. घाईत अर्धं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं त्या मातीवर ओतलं.

पाणी साचलं नाही. पसरलं नाही. सरळ आत गेलं... आणि आत जाताना घोट घेतल्यासारखा आवाज आला. सोमेश्वर म्हणतात, कोरड्या कचेत पाणी असंच मुरतं. त्यांच्या जागी मी असते, तर मीही असंच म्हणाले असते.

मी आत येऊन सांगितलं, "त्याला दिलं."

आत्याबाई उठून बसल्या आणि दोन ग्लास पाणी प्यायल्या.

डॉक्टरांकडे नेऊन सलाईन लावून आणलं. वाटेत वनमालाकाकूंनी सांगितलं. सोमेश्वरांच्या आधी एक मुलगा झाला होता. आठवडाभर जगला. अंगावरचं दूध त्याला ओढता आलं नाही. मामंजींनी त्याला मागच्या अंगणात पुरलं, वर दगड ठेवला आणि घरात त्याचा विषय काढायचा नाही म्हणून ताकीद दिली. आत्याबाईंनी कधी काढला नाही. फक्त पाणी घातलं.

सोमेश्वर गाडी चालवत होते. आपल्याला एक भाऊ होता, हे त्यांना तेव्हा कळलं.

संध्याकाळी आत्याबाईंनी गोधडी मागितली. शेवटचा कोपरा तेवढा राहिला होता. आमच्याकडे तो कोपरा शिवून बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. वनमालाकाकूंनी तुकडा मोडून पुढं केला.

आत्याबाईंनी तो घेतला नाही. माझ्याकडे वाटीभर दूध मागितलं आणि थोडा कापूस. कापसाचा बोळा केला, दुधात बुडवला, पिळला आणि कोपऱ्यात ठेवला.

"अक्का, भाकर घाला की," वनमालाकाकू म्हणाल्या.

"त्याला भाकर चावंल का?"

एवढंच बोलल्या, आणि टाका घातला.

मी तिथं बसले होते. त्यांच्याखालचं ते प्लास्टिक मी अजून काढलं नव्हतं. तेव्हा काढलं. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत्याबाई त्याच वर्षी थंडीत गेल्या. झोपेतच गेल्या, शांतपणे. अंगणातली ती जागा आम्ही उघडीच ठेवली आहे. तिथं आता वनमालाकाकू पाणी घालतात. गोधडी मी पुण्याला आणली. कपाटात ठेवते. महिन्यातून एखाद्या वेळी उघडून बघते... आणि कधीकधी ती ओली असते.

परवा तशीच होती. मी ती गच्चीवर वाळत घातली. कडक ऊन होतं. सगळ्यांचे कपडे तासाभरात वाळले. गोधडीवरची ती तळहाताएवढी ओल मात्र गेली नाही.

वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे काढायला आल्या. त्यांनी ओलीकडे पाहिलं. घरात लहान बाळ आलंय का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं... त्या दिवशी वनमालाकाकूंनी सुई धरून मान खाली घातली होती ना, तशीच त्यांची मान खाली गेली.

"माझ्याकडूनच झालं," मी म्हणाले.

कानशिलं तापली होती. गोधडी काढली आणि जिना उतरू लागले. दोन मजले उतरल्यावर माझ्या लक्षात आलं. मी ती छातीशी धरली होती, आणि का कोण जाणे, एका हातानं तिला खालून आधार दिला होता.