शून्य तक्रारींचं औषध

पडद्यावर भलंमोठं शून्य झळकलं आणि औषध-संशोधन संस्थेच्या बैठकीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहाशे रुग्ण, वर्षभराची चाचणी, दुष्परिणामांची तक्रार एकही नाही. प्रयोगशाळेतल्या मृणालिनी टिल्लूने टाळी वाजवली नाही. शून्याचं कौतुक करणाऱ्या या विद्वानांची तिला कीवही येईना. तेवढीसुद्धा त्यांची लायकी नव्हती.

मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याचा भाऊबंद. त्याच्या सालीतून शुद्ध करून काढलेल्या द्रव्याला संस्थेने चंपकीन नाव दिलं होतं. ते मेंदूतली भीती तेवढी विझवी. झोप आणत नसे, बुद्धीला धक्का लावत नसे. सालीच्या काढ्याने मळमळे, म्हणून कोणी तो फार पीत नसे. संचालक खांडेपारकरांनी ती मळमळ आणणारी द्रव्यं गाळून टाकली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मृणालिनीचा धाकटा भाऊ शिरीष त्या सहाशेंपैकीच. धास्तीपायी घराचा उंबरा न ओलांडणारा तो आता मंडईत जाऊन भाजी निवडत होता. पण त्याच्या रक्ताचा अहवाल तिने पाहिला होता. यकृत निकामी होत चाललं होतं. मग तिने साठवणीतले बाकीचे नमुने तपासले. निम्म्यांची तीच गत होती.

बैठक संपल्यावर ती खांडेपारकरांच्या खोलीत शिरली आणि आकडे त्यांच्यापुढे टाकले.

"दुष्परिणाम आपण मोजलेच नाहीत, सर. रुग्ण काय सांगतात तेवढंच मोजलं. दुखलं म्हणून माणूस डॉक्टरकडे धावत नाही, धास्तावतो म्हणून धावतो. ती धास्तीच आपण काढून घेतली. डोळे पिवळे झालेले त्यांना आरशात दिसतात, पण त्याचं काही वाटत नाही."

खांडेपारकरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. तर्क बिनचूक आहे, म्हणाले. पुढच्या बैठकीत विषय घेऊ. तोवर माणसं मरतील, असं तिने सुनावलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. काही मरतील खरी, म्हणाले, आणि दोन चहा सांगितले.

ठोंब्या, तिच्या मनात आलं. मग तिचं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

"तुम्ही चंपकीन घेता?"

"संस्थेचा शिरस्ता आहे, मृणालिनीबाई. लोकांना द्यायचं ते आधी आपण घ्यायचं. तुम्हीही घेताच की."

घेत होती. पहिल्या दिवसापासून. डोकं लख्ख चालतंय, माणसांची पूर्वीसारखीच चीड येतेय, तेव्हा आपल्यावर औषधाचा काही असर नाही, असं ती धरून चालली होती. पण चंपकीन भीती विझवतं, तुच्छता नाही. शिरीषचा अहवाल तिने महिन्यापूर्वीच पाहिला होता. त्याच दिवशी त्याच्या गोळ्या थांबवायच्या सोडून, आजच्या बैठकीनंतर या माणसाचं नाक कसं कापायचं, याचीच ती महिनाभर जुळवाजुळव करत बसली होती.

तिने तिथूनच शिरीषला फोन लावला.

"गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद कर. तुझं यकृत खराब झालंय. असाच घेत राहिलास तर मरशील."

"असं होय? तरीच पोट फुगलंय," शिरीष म्हणाला. "पण ताई, मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. डबी भरलेली आहे, ती संपू दे. मग बघू."

मूर्ख आहे, तिला वाटलं. हाही मूर्खच. रिक्षा करून त्याच्या घरी जावं, डबी हिसकावून घ्यावी, ओढत दवाखान्यात न्यावं, हे तिला सुचलं. मग पडलेल्या दाताची जागा जिभेने चाचपावी तशी तिने आत कुठे भीती उरली आहे का ते पाहिलं. नव्हती. भाऊ मरणार हे तिला समजत होतं. नुसतं समजत होतं.

चहा आला. खांडेपारकरांनी एक कप तिच्याकडे सरकवला आणि ती खुर्ची ओढून बसली.