टिळ्याचं पिल्लू

शाळेच्या वेळेची गडबड सगळ्या घरांत असते, तशी ती आजऱ्याजवळच्या नाइकांच्या घरातही असायची. फरक एवढाच, की इथे डबा भरायच्या आधी एक अंडं फुटायचं आणि ते निळं असायचं. प्राजक्ता वाटीच्या काठावर टिचकन ते फोडायची, पिवळं बाजूला काढायची आणि पांढरं कोमट दुधात ढवळून ओवीपुढे धरायची. दूध गरम चालत नसे, उष्णतेनं अंड्यातलं औषध मरायचं.

"शी! शेंबूड!" सहा वर्षांची ओवी रोज न चुकता म्हणायची.

"शेंबूड तर शेंबूड. नाक दाब आणि गीळ, बयो."

मग डोळ्यांत काजळ आणि कपाळाच्या कडेला तीट.

"ही कशाला?"

"कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. आपलं माणूस फारच गोड दिसायला लागलं, की लावायची."

ओवीच्या शरीरात एक पाचकरस तयारच होत नव्हता. त्यामुळे साध्या वरणभातातलंसुद्धा एक द्रव्य रक्तात साठायचं आणि मेंदूत जाऊन बसायचं. दोन वर्षांची असताना ती "आई" म्हणायची बंद झाली, मग आईकडे बघायचीही बंद झाली. तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर पारसनीसबाईंनी कोंबडीच्या वंशात एक नवा जनुक बसवला. त्या कोंबड्यांच्या अंड्यातल्या पांढऱ्यात तोच पाचकरस उतरायचा. औषधाचं अंडं कोणतं ते चटकन कळावं म्हणून त्याला निळ्या कवचाच्या जनुकाची जोड दिली होती. पिल्लांसाठी खूण वेगळी. ज्याच्या अंगात औषधाचा जनुक उतरला आहे त्याच्या तपकिरी मऊ लवेवर, बरोबर डोक्यावर पांढरा ठिपका यायचा. घरात सगळे त्याला टिळा म्हणायचे.

पुढे प्रयोगाचा निधी आटला. पारसनीसबाईंनी सगळा कळप प्राजक्ताच्या हवाली केला, कारण कोंबड्या सांभाळणं तिचा धंदाच होता. निळी अंडी रोज यायला लागली आणि ओवी इतकी बडबडी झाली, की हर्षद, तिचा बाप, कानांवर हात ठेवून म्हणायचा, "अगं, एखादं अंडं कमी दे हिला!" असली थट्टा त्या घराला तेव्हा परवडत होती.

मग मानमोडी आली. कोंबड्यांची मान वाकडी होऊन त्या पटापट मरतात, तोच हा रोग. लस टोचलेली होती, पण या खेपेचा विषाणू नवा निघाला. बघता बघता खुराडं ओस पडलं. प्राजक्ता रडली नाही, तिला वेळच नव्हता. रोगाच्या आधीची थोडी अंडी फ्रिजमध्ये होती, ती ओवीची. आणि मूठभर अंडी वेगळ्या खोलीतल्या उबवणी यंत्रात होती. तिचा सगळा जीव आता त्या खोलीत अडकला होता.

एकवीस दिवस भरले. बरीचशी अंडी फुटलीच नाहीत. जी फुटली, त्यातली पिल्लं साध्या डोक्याची निघाली. प्राजक्ता काचेला नाक लावून उभी होती. शेवटी एका कवचाला तडा गेला, एक ओलंगच्च पिल्लू बाहेर लोळलं आणि डोकं वर करून बसलं. लव जरा सुकली तसा ठिपका दिसायला लागला.

"टिळा! ओवी, टिळा आला गं!" ती ओरडली. कोंबडा असो की कोंबडी, काही बिघडत नव्हतं. साध्या कोंबड्यांशी जोडा लावून त्या एका जिवापासून वर्षभरात कळप उभा राहिला असता.

खोलीत फोनला रेंज नव्हती. पारसनीसबाईंना सांगायला प्राजक्ता अंगणात धावली, आणि त्या आनंदात एक गोष्ट विसरली. उबवणी यंत्राला जोडलेल्या निवडयंत्राचा खटका बंद करायचा राहिला. एरवी तो बंद करायची गरजच नसायची, पण या खेपेला एकही टिळा यंत्राच्या भरवशावर सोडायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. पिल्लं सुकली, की पट्टा आपोआप सरके, वरचा कॅमेरा एकेकाचं डोकं बघे. टिळा असला की उजवीकडच्या उबदार खोक्यात, नसला की डावीकडच्या बंद पेटीत. त्या पेटीत वायू असायचा. प्रयोगशाळेतल्या वंशाची बिनटिळ्याची पिल्लं बाजारात जाऊ नयेत, असा नियमच होता.

ओवी एकटीच पिल्लाजवळ राहिली. इतकं गोड पिल्लू तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं झाकण उघडलं, पिल्लू ओंजळीत घेतलं, त्याची पापी घेतली. मग घरात पळत जाऊन काजळाची डबी आणली, आणि अगदी आईसारखं बोट वाकडं करून त्याच्या डोक्यावर, बरोबर त्या पांढऱ्यावर, एक मोठी काळी तीट लावली. पिल्लू परत जागेवर ठेवलं आणि झाकण नीट लावून घेतलं, कारण ती शहाणी मुलगी होती.

तिकडे फोनवर पारसनीसबाई हुंदके देत हसत होत्या, इकडे अंगणात प्राजक्ताही. ती परत आली तेव्हा पट्टा थांबलेला होता, उजवीकडचं खोकं रिकामं होतं आणि ओवीच्या बोटाला काजळ होतं.

"कुठंय ते?" प्राजक्तानं ओवीचा हात धरून विचारलं.

"गेलं ना सरकत सरकत. आई, मी त्याला तीट लावली! आता त्याला कुणाचीच दृष्ट लागणार नाही."

प्राजक्तानं डावीकडची पेटी उघडली आणि लगेच बंद केली. मुलीकडे पाठ करून ती भिंतीला धरून उभी राहिली. ओरडावं, थोबाडीत द्यावी, ऊर बडवून घ्यावा, असं सगळं एकदम तिच्या मनात आलं. मग वळून ती म्हणाली, "छान केलंस हो, बाळा. डॉक्टरबाईंकडे पाठवलं आपण त्याला."

रात्री हर्षद भडकला. "त्या मशीनवाल्या कंपनीवर केस टाकतो! टिळा दिसत नाही म्हणजे काय, आंधळंय काय मशीन?" त्यानं यंत्रातले फोटो काढून बघितले. शेवटच्या फोटोत तपकिरी लव होती, मोठे डोळे होते आणि डोक्यावर काळा ठिपका होता. त्यानं तो ठिपका मोठा करून बघितला.

"मशीनच चुकलं," अखेर तो म्हणाला.

"हो," प्राजक्ता म्हणाली. "मशीनच."

नवा वंश घडवायला चार वर्षं तरी लागतील, असं पारसनीसबाईंनी सांगितलं. फ्रिजमधली अंडी पुरवून पुरवून द्या, एक दिवसाआड द्या. तेव्हापासून ओवी बोलता बोलता मध्येच अडू लागली. "ते हे... ते आपलं..." म्हणायची, शब्द सापडला नाही की स्वतःवरच चिडायची. शाळेतून घरी येताना एकदा तिनं फाटक ओळखलं नाही. नवराबायको एकमेकांकडे बघायचं टाळू लागले.

एका रविवारी प्राजक्ता नाश्त्याला हाक मारून दमली, तेव्हा ओवी पलंगावर फ्रॉक पसरून बसलेली सापडली. हलायला तयार नाही.

"हळू बोल ना. मी खुडूक आहे."

प्राजक्तानं फ्रॉकची कड उचलली. खाली उशीच्या खळग्यात एक निळं अंडं होतं, अंगाच्या उबेनं कोमट झालेलं. परवा "आज मीच फोडते" म्हणत तिनं अंडं हातात घेतलं होतं आणि नंतर "प्यायले" म्हणून रिकामी वाटी दाखवली होती, ती साध्या दुधाची होती तर!

"अगं, औषध आहे ना ते! नाही खाल्लंस तर..."

"पण मी खाल्लं तर पिल्लू कसं होणार? खुराडं रिकामं झालंय म्हणून तू रडतेस. मी ऐकते ना, न्हाणीघरातून आवाज येतो." ओवीनं दोन्ही हातांनी अंडं झाकलं. "मी नाही खाणार. मी... मी ते हे करणार. बसणार."

"राणी, थंडीत ठेवलेलं अंडं नाही गं फुटत. त्यात पिल्लू नाहीये."

"कशावरून?"

मग प्राजक्तानं वाटी आणली आणि तिच्यासमोर ते अंडं फोडलं. पिवळं आणि पांढरं, बाकी काही नाही. ओवी डोकं वाकवून नीट बघत राहिली, वाटी कलती करूनही बघितली. मग नाक दाबून तिनं पांढरं गिळलं. शी म्हणाली नाही. प्राजक्तानं तिला इतकं घट्ट कवटाळलं, की ती कुरकुरली.

"आई, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना, मी मोठी झाले की एक अंडं पुरायचं नाही?"

"हो."

"मग मी तुझ्याएवढी झाले, की रोज किती अंडी लागतील गं मला?"