आबांच्या होडीतून

"जरा बाजूला होता का? चित्रात मध्येच येताय."

साठ सालचा माघ. मी अंगणापुढच्या वाळूत बांगडे सुकत घालत होते. मान वर केली, तर समोर मांडीवर फळी घेऊन बसलेला... दत्ताराम, शाळेत नवे आलेले ड्रॉइंगमास्तर.

"माजे बांगडे आदीपासून हयसर आसत, मास्तरानु. चित्र सरकवा."

तो हसला, आणि खरंच सरकला. नेमका माझ्या बाजूला!

मग रोजच यायचा. चित्र म्हणजे आपण कुठे बसलोय आणि तिथून काय दिसतं ते दुसऱ्याला सांगणं, म्हणायचा. मी ऐकत राहायची... बांगडे कावळे न्यायचे.

आमच्याच ज्ञातीचा, पण वाढला मामाकडे, वैभववाडीत. होडीत पाय ठेवताच ओकारी. माझ्या वडिलांकडे, आबांकडे मला मागायला आला तो किनाऱ्याचं चित्र घेऊन. आबांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"ह्या बगून इलंय तर होडी खडपार फुटतली."

टेकडीवरचं देऊळ माडाच्या शेंड्यावर आलं, की होडी खडपांच्या, त्या खडकांच्या मधून सरळ आत घ्यायची, ही आमची खूण. चित्रात दोन्ही एकमेकांपासून वीतभर लांब.

"जेका आमचो किनारो दिसणा नाय, तेका चेडू देवचंय नाय."

विहिरीपाशी मी त्याला गाठलं.

"हुबेहूब काढलंय, सुगंधा."

"तुमच्या जागेवरून. आबा थंय बसतत..." मी समुद्राकडे बोट केलं. "थंयसून सांगा."

"मला होडी सोसत नाही."

"मग इन्सुलीच्या स्थळाक हो म्हणू?"

दुसऱ्या पहाटे तो आबांच्या होडीत होता. तीन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी परतला तेव्हा चेहरा हळदीसारखा, सदरा खाऱ्या पाण्याने कडक, हातातला कागद लाटांसारखा वाकलेला.

आबांनी कागद लांब धरला. एक डोळा मिटला. किनारा एवढासा, जरा कललेला. देऊळ मात्र बरोब्बर माडाच्या शेंड्यावर. मी दाराआडून बघत होते.

आबांचं बोट कागदाच्या खालच्या कडेपासून निघालं... दोन खडपांच्या मधून, सावकाश, सरळ वर... आणि थांबलं. तिथे तिळाएवढी एक बाई बांगडे सुकत घालत होती.

"होडी घराक पोचली," आबा म्हणाले. मग कागदावरची नजर न काढता—

"सुगंधा, पेज आण गो. जावयाच्या पोटात तीन दिस काय रवाक नाय."