दुर्बीण आधी वळते

ताईंचा धंदाच मुळी उशिरा पोचण्याचा. दूर कुठेतरी एखादा तारा फुटायचा, गॅमा किरणांचा लोट उठायचा. अंतराळातली त्यांची दुर्बीण तो हेरून आपणहून तिकडे वळायची, पण तोवर स्फोट संपलेला असायचा. मागे उरलेली क्ष-किरणांची धग तेवढी मोजायची. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर एक रेघ उंचावर सुरू व्हायची आणि घसरत जायची. ती दिसली की समजायचं, तिथलं सगळं आटोपलं.

"आपण म्हणजे मयत उचलल्यावर पोचणारे पाहुणे," सोबतीचा इंजिनिअर म्हणायचा. ताई हसायच्या, पण ते त्यांना लागायचं. आई गेली तेव्हाही त्या अशाच पोचल्या होत्या, सगळं उरकल्यावर. आता घरी एकटे बाबा होते. त्यांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, हे ताईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

मागच्या आठवड्यात दुर्बीण स्फोटाच्या आधीच वळली.

"घड्याळ बिघडलं असेल," इंजिनिअर म्हणाला. घड्याळ ठणठणीत होतं. पुढच्या खेपेला ती आणखी आधी वळली, रिकाम्या आभाळाकडे तोंड करून थांबली, आणि नेमका तिथेच तारा फुटला. खरं तर तेव्हाच तिला बंद करायला हवं होतं. पण स्फोटाचा पहिला क्षण त्यांच्या हाती कधीच लागला नव्हता, आणि दोघांच्याही तोंडाला पाणी सुटलं.

"वर कळवलं तर हिला दुरुस्तीला काढतील," ताई म्हणाल्या. "तूर्तास तोंड बंद."

आज दुपारी, डबे अजून उघडेच होते, तेव्हा ती पुन्हा वळली. इंजिनिअरचा घास हातातच राहिला.

"ताई, ही खाली बघतेय."

"खाली म्हणजे?"

"पृथ्वीकडे."

तिकडे वळायची तिला सक्त मनाई होती. ताईंनी परत फिरायची आज्ञा धाडली. आज्ञा मिळाल्याची पोच आली, पण दुर्बीण फिरली नाही. कक्षेत पुढे सरकताना मान वळवून ती एकच ठिपका धरून होती. इंजिनिअरने नकाशा लावला. त्यांचंच शहर. नदीपलीकडची वस्ती. ताईंची गल्ली.

ताईंनी घरी फोन लावला.

"बाबा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? गॅलरीत पेपर वाचत बसलोय. ऊन मात्र आज विचित्र पडलंय गं."

"विचित्र म्हणजे?"

"खुर्चीच्या सावल्या दोन पडल्यात."

"आत जा, बाबा. मी निघालेच."

"थांब जरा." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "माझी कुठे दिसत नाही."

ताई पर्स शोधत होत्या. इंजिनिअरने त्यांचा दंड धरला. तो पडद्याकडे बघत होता.

रेघ उमटली होती. उंचावरून घसरायला लागली होती.

"ऐकतेयस ना?" बाबा फोनवर विचारत होते. "हॅलो?"